पश्चिम केनियातला शनिवारचा खुणांचा वर्ग (आणि माझी १४ श्रवणयंत्रं)

वारणेची_सून | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते. मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं, आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या कर्णबधिर मुलांसाठी काय पाठवता येईल? खाली लगेच यादी सुरू झाली: श्रवणयंत्रं, वह्या, जुने टॅब. त्यातली पहिली वस्तू मी स्वतः बॅगेतून वाहून नेली आहे आणि पस्तावले आहे, म्हणून हा वेगळा धागा.

नवरा साखर कारखान्यात. पश्चिम केनियात उसाचा मोठा पट्टा आहे आणि तिथल्या कारखान्यांत आपल्याकडची माणसं बरीच सापडतात. आम्ही तिथे सहा वर्षं होतो. (आपल्यासारखा दिवाळी ते होळी हंगाम नाही, जवळजवळ वर्षभर गाळप. नवरा कधी घरी दिसेल ते त्या बॉयलरलाच ठाऊक.) त्याआधी मी सांगली जिल्ह्यात कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत अकरा वर्षं शिकवत होते. त्यामुळे तिथे गेल्यावर माझा समज असा की आपल्याला यातलं कळतं.

पहिल्या सुट्टीत मिरजेला आले तेव्हा ओळखीपाळखीतून वापरलेली श्रवणयंत्रं गोळा केली. १४ जमली. तिकडच्या शाळेत नेऊन दिली, फोटो काढले, टाळ्या झाल्या. तीन महिन्यांनी गेले तर सगळी मुख्याध्यापिकेच्या कपाटात, एका बिस्किटाच्या डब्यात. बॅटऱ्या संपलेल्या, त्या जवळच्या गावात मिळत नाहीत. कानातले साचे दुसऱ्यांच्या कानांचे, ते मुलांना टोचायचे, नाहीतर शीळ घालायचे. बाईंनी तोंडावर काही म्हटलं नाही, चहा दिला. मला मात्र तो डबा अजून दिसतो.

तिथेच मला म्वालिमु भेटले. म्वालिमु म्हणजे मास्तर, नाव देत नाही. पूर्ण बहिरे, वय पंचेचाळीसच्या आसपास, बाजारात शिवणयंत्र टाकून बसणारे शिंपी. शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये ते आईबापांना केनियन सांकेतिक भाषा शिकवायचे. बाजारातल्या पाच-सहा बहिऱ्या माणसांचा गट होता, त्यांनीच हे सुरू केलेलं. मी उत्साहाने स्वतःची ओळख करून देताना आपली दोन्ही हातांची बोटांची मुळाक्षरं दाखवली. सगळे हसले. तिकडची मुळाक्षरं एका हाताची असतात! जगभर खुणांची भाषा एकच असते हा समज अकरा वर्षं शाळेत काढूनही माझ्या डोक्यात कुठेतरी शिल्लक होता, तो त्या दिवशी गेला. मग त्यांनी मला खुणेचं नाव दिलं: दोन बोटांची चिमूट नाकपुडीशी. माझी चमकी.

वर्गात पंधरा-वीस बायका, दोन-तीन पुरुष. बहुतेक आया, काही आज्या. पहिला महिनाभर त्यांना सगळ्यात जड गेलं ते हात नव्हे, चेहरा. या भाषेत भुवया वर गेल्या, खाली आल्या, गाल फुगले की अर्थ बदलतो. चारचौघांत तोंड वेडंवाकडं करायला बायका लाजायच्या. म्वालिमु हात पाठीमागे बांधून फक्त भुवयांनी प्रश्न विचारायचे आणि उत्तर आल्याशिवाय हात सोडायचेच नाहीत.

एक दुपार सांगते. हॉलला पत्र्याचं छप्पर, तिकडे त्याला मबाती म्हणतात. त्या भागात दुपारनंतर पाऊस येतो तो आडवातिडवा येतो. म्वालिमु खुणांनी शिकवत होते आणि एक ऐकू येणारी मुलगी शेजारी उभी राहून ते लुओत, म्हणजे तिथल्या बोलीभाषेत, सांगत होती. पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला आणि तिचा आवाज बंदच झाला. म्हणजे ती बोलत होती, पण कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येईना. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत बसलो. म्वालिमु मात्र थांबलेच नाहीत. त्यांना पाऊस दिसत होता, पण वर्गाचं काय झालं ते कळायला क्षणभर लागला. मग ते असे हसले, आणि नुसत्या हातांनी पुढचा तास चालवला. त्या तासात मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या चार शनिवारांत नाही.

त्याच वर्गात एक बाई होती, मुलगी नऊ वर्षांची. घरच्या घरी दोघींच्या वीसेक खुणा होत्या: खा, पाणी, शेळी, मार मिळेल, ये, जा. 'काल' नाही, 'उद्या' नाही, 'का' नाही. मुलीला जानेवारीत निवासी शाळेत सोडलं. तिकडे वर्षाची तीन सत्रं असतात, सत्र संपल्यावरच घरी. "तुला शाळेत ठेवते, एप्रिलमध्ये न्यायला येईन" हे सांगायला आईकडे काही नव्हतंच. मुलीला वाटलं आईने टाकून दिलं. पहिल्या सुट्टीत घरी आली ती आईच्या अंगाला हात लावू देईना, म्हणून आई वर्गात आली. परत घर, झोप, किती रात्री, आई येईल एवढं शिकायला आईची ती सगळी सुट्टी गेली. दुसऱ्या सत्राला निघताना तिने कॅलेंडर समोर ठेवून मुलीला हे सांगितलं. मुलीने तिला तीनदा सांगायला लावलं. मग उठून स्वतः पेटी भरली.

माझं म्हणणं एवढंच. शाळेत सांकेतिक भाषा आली तरी ती घराच्या उंबऱ्यापाशी थांबते. पैसा घालायचा तर तो उंबऱ्याच्या आत जाईल असा घाला, आणि शिकवायला बहिरी माणसंच ठेवा. आम्ही म्वालिमुंना शनिवारचे पैसे आणि येण्याजाण्याचं भाडं देत होतो, बस्स. यंत्र एक दिवस बंद राहिलं तर शिंप्याचं नुकसान होतं, हे कुणाच्या प्रकल्प-अहवालात येत नाही.

तुमचे अनुभव लिहा. आफ्रिकेत राहिलेले बरेच जण इथे आहेत हे मला माहीत आहे.

टग्या_पाटील | शनिवार, रात्री १०:१५

छान लिहिलंय ताई. पण एक शंका, रागावू नका. खुणा शिकवून आपण त्यांना खुणांपुरतंच ठेवत नाही का? आता कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) आहे, चांगली यंत्रं आहेत. तुमचा डबा फसला कारण यंत्रं जुनी होती. नवी, नीट मोजून दिली असती तर?

पावट्याची_उसळ | शनिवार, रात्री १०:५१

वाचतेय. पत्र्यावरचा पाऊस डोळ्यांपुढे उभा राहिला.

शब्दच्छल | शनिवार, रात्री ११:०२

लेख उत्तम. एक लहानशी सूचना: शीर्षकात 'कर्णबधिर' असं स्पष्ट टाकावं, शोधणाऱ्यांना सोपं जाईल. आणि आधीच्या त्या धाग्यावर सगळे 'मूकबधिर' लिहीत होते ते टाळावं. ही माणसं मुकी नसतात.

वारणेची_सून | शनिवार, रात्री ११:२०

@शब्दच्छल, सहमत. स्वाहिलीतही तेच आहे. 'किझिवी' म्हणजे बहिरा, हे त्यांना चालतं. 'बुबू' म्हणजे मुका, हे म्हटलं की म्वालिमुंचं तोंड उतरायचं. मी मात्र त्यांच्यासारखंच सरळ 'बहिरा' लिहिते. आपल्याकडे त्यात शिवी ऐकू येते, त्यांना त्यात ओळख दिसते.

टग्याराव, तुमच्या शंकेला आपल्यात एक जाणकार आहेत, ते उत्तर देतील. @कानसेन, जागे आहात का?

कानसेन | रविवार, सकाळी ७:३५

जागा आहे, सकाळचा चहा हातात. मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे कानांची तपासणी करून यंत्रं बसवणारा. माझं पोट यंत्रांवर चालतं, तेव्हा यंत्रांविरुद्ध बोलतोय असं समजू नका.

श्रवणयंत्र चष्म्यासारखं नाही की डोळ्यावर ठेवलं आणि दिसलं. प्रत्येक कानाचा साचा वेगळा. मुलाचा कान वाढतो, त्यामुळे लहान वयात साचा वर्षातून काही वेळा बदलावा लागतो. बॅटरी आठवडा-दोन आठवडे चालते. घाम, धूळ, दमट हवा ही त्याची शत्रू. आणि ऐकणं जवळजवळ शून्य असेल तर भारी यंत्रानेही शब्द सुटे होत नाहीत, गोंगाट मोठा होतो. इम्प्लांटला तर शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं मॅपिंग (यंत्राची त्या माणसापुरती जुळणी), थेरपी, सुटे भाग. हे सगळं करणारा माणूस जवळ पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अल्प उत्पन्न असलेल्या देशांपैकी सुमारे ७८ टक्के देशांत दर १० लाख लोकांमागे एकसुद्धा कान-नाक-घसा तज्ज्ञ नाही.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. मूल भाषा शिकतं ती पहिल्या काही वर्षांत. त्या वेळी मेंदूला भाषा पाहिजे, मग ती कानाने येवो की डोळ्याने, त्याला फरक पडत नाही. ती वर्षं यंत्राची वाट बघण्यात गेली तर पुढे यंत्र मिळूनही भाषा लंगडी राहते. खुणा शिकल्याने बोलणं मागे पडतं ही भीती मी आईबापांच्या तोंडून रोज ऐकतो. खुणांमुळे नुकसान झालेलं मूल माझ्याकडे आलेलं नाही. काहीच भाषा न मिळालेली मुलं मात्र दर महिन्याला येतात.

जाता जाता, आपल्या पुण्याचा एक धागा यात आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या आडव्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या) साथी येत. त्यातून जे वाचत, त्यांतल्या अनेकांचे कान जात. त्या साथींतल्या 'ए' प्रकारासाठीची मेनआफ्रिव्हॅक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवून. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये ती मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली, आणि पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना मिळाली. 'ए' प्रकार त्या पट्ट्यातून जवळजवळ गेला. किती जणांचे कान त्यामुळे शाबूत राहिले असतील ते कुणी मोजत नाही, कारण न झालेला बहिरेपणा मोजता येत नाही.

टग्या_पाटील | रविवार, सकाळी ८:१०

पटलं. आपण डॉक्टरसमोर गप्प. पुण्याचं माहीत नव्हतं राव.

अक्राकर | रविवार, सकाळी ११:४५

घानातून हजेरी. नऊ वर्षं अक्रात आहे, धंदा औषधांचा. वारणेची_सून यांनी विषय काढलाच आहे तर पश्चिम आफ्रिकेची बाजू लिहितो, कारण ती जरा गुंतागुंतीची आहे.

इथे बहिऱ्यांच्या शिक्षणाची सुरुवात एका बहिऱ्या माणसानेच केली. अँड्र्यू फॉस्टर, अमेरिकेतल्या अलाबामाचा कृष्णवर्णीय. अकराव्या वर्षी मेनिंजायटिसने दोन्ही कान गेले (कानसेन, तुमचीच गोष्ट). बहिऱ्यांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजातून १९५४ साली पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय. १९५७ मध्ये, म्हणजे घाना स्वतंत्र झाला त्याच वर्षी, तो अक्रात आला आणि उसन्या जागेत शाळा सुरू केली. पुढे शाळा मांपाँगच्या डोंगरावर गेली, ती अजून चालू आहे. पुढच्या तीस वर्षांत त्याने १३ देशांत तीसहून अधिक शाळा काढल्या. डिसेंबर १९८७ मध्ये रवांडात विमान कोसळून गेला. इथले वयस्कर बहिरे लोक त्याच्याबद्दल सांगताना आपल्याकडे लोक कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल बोलतात त्या सुरात सांगतात, अर्थात हातांनी.

आता गुंता. फॉस्टर जी भाषा घेऊन आला ती अमेरिकन सांकेतिक भाषा. त्यामुळे घाना, नायजेरिया आणि फ्रेंच बोलणाऱ्या कितीतरी देशांतल्या शाळांमधल्या खुणांचा पाया अमेरिकन आहे. पण इथे आधी खुणा नव्हत्या असं थोडंच आहे? अक्राहून तासा-दीड तासावर, आबुरीच्या डोंगराखाली आदामोरोबे नावाचं गाव आहे. तिथे आनुवंशिक कारणाने कित्येक पिढ्या बहिरी मुलं जास्त जन्मतात, आणि गावाची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. अमेरिकेशी तिचा संबंध नाही. मी एकदा गेलो होतो. रस्त्याकडेला एक बहिरा शेतकरी आणि एक ऐकू येणारी कसावा विकणारी बाई दोन्ही हात फेकून भांडत होते. भाव पटला नव्हता. दुभाषी नाही, वही नाही, सरळ भांडण. मला तर हेवा वाटला.

पण गोड चित्र रंगवून थांबत नाही. त्याच गावात १९७५ मध्ये मुखियाने फर्मान काढलं की बहिऱ्याने बहिरीशी लग्न करायचं नाही, म्हणजे बहिरी मुलं होणार नाहीत. आणि गावातली बहिरी मुलं मांपाँगच्या शाळेत जाऊन घानाची शालेय सांकेतिक भाषा शिकून येतात, गावची जुनी भाषा मागे पडत चालली आहे. तेव्हा 'सांकेतिक भाषेचं प्रशिक्षण' म्हटलं की माझा पहिला प्रश्न: कुणाची?

नाकासमोर | रविवार, दुपारी १:२०

@अक्राकर, भावना समजली, पण थोडा विरोध करतो. गावची भाषा गावात ठीक आहे. त्या मुलाला उद्या बँकेत, दवाखान्यात, कोर्टात जायचं असेल तर देशभर चालणारी एकच भाषा नको का? आपण नाही का घरी मालवणी बोलत आणि शाळेत प्रमाण मराठी लिहीत? दुभाषे तयार करायचे तर तेही कुठल्यातरी एका भाषेतच होणार.

अक्राकर | रविवार, दुपारी १:४०

मालवणी माणसाला शाळेत मालवणी बोलला म्हणून मारत नाहीत ना. (मारायचे म्हणा पूर्वी.) दोन्ही असू द्या. माझा मुद्दा एवढाच की बाहेरून आलेला प्रशिक्षक 'यांना भाषाच नाही' असं गृहीत धरून येतो.

वारणेची_सून | रविवार, दुपारी ३:०५

अगदी. आमच्याकडे घडलेला किस्सा. परदेशी एक संस्था आली, नाव नको. गावापासून चाळीस किलोमीटरवरच्या हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा: शिक्षकांना टी-शर्ट, सोडा, शेवटी प्रमाणपत्र. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, पण खुणा त्यांच्या देशाच्या. आमच्या गटातल्या एकाही बहिऱ्या माणसाला बोलावणं नव्हतं. सोमवारी एक शिक्षक वर्गात जाऊन नव्या खुणा करायला लागले. मुलं एकमेकांकडे बघतायत. शेवटी चौथीतला एक मुलगा उठला आणि सरांचा हात धरून त्यांची बोटं नीट करून दिली! सर भले माणूस, त्यांनीच मला हसत हसत हे सांगितलं.

नाकासमोर, तुमचं म्हणणं केनियात बऱ्यापैकी प्रत्यक्षात आलंय. २०१० च्या राज्यघटनेत केनियन सांकेतिक भाषेचा विकास ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे आणि स्वाहिली व इंग्रजीबरोबर ती संसदेची अधिकृत भाषा आहे. बहिरी मुलं परीक्षेला स्वाहिलीऐवजी हा विषय घेऊ शकतात. कागद पक्का आहे. पण राज्यघटना नैरोबीत, आणि माझी ती बाई तिथून सात-आठ तासांवर शेळ्या बांधतेय. मधली वाट कुणी चालायची?

जोबर्गची_जाई | रविवार, संध्याकाळी ६:३०

दक्षिण आफ्रिकेतून. कागदाबद्दल थोडं. इथे १९ जुलै २०२३ ला दक्षिण आफ्रिकन सांकेतिक भाषेला बारावी अधिकृत भाषा म्हणून मान्यता मिळाली. त्याच्या आधीची दहा वर्षं आठवा. डिसेंबर २०१३, मंडेलांची शोकसभा, अख्खं जग टीव्हीसमोर, आणि ओबामांच्या शेजारी दुभाषा म्हणून उभा राहून एक माणूस तासन्‌तास हात हलवतोय ज्याचा काहीच अर्थ लागत नाही! इथल्या बहिऱ्या लोकांनी तिथल्या तिथे ओरड सुरू केली. ऐकू येणाऱ्या आम्हा लोकांना संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. मी स्वतः ते बघून 'किती छान सोय केलीय' म्हणाले होते. त्या माणसाबद्दल बहिऱ्यांच्या संघटनेने त्याआधीही तक्रार केली होती म्हणे, पण ऐकतो कोण.

तेव्हा म्वालिमुंसारख्यांनीच शिकवावं आणि त्यांनीच तपासावं, याला +१. दुभाषा बरोबर आहे की नाही हे आपल्याला कळूच शकत नाही.

पावट्याची_उसळ | रविवार, संध्याकाळी ७:००

बाप रे, तो मीपण पाहिला होता.

धाकटी_बहीण | रविवार, रात्री १०:४८

लिहू की नको करत दिवसभर धागा वाचतेय.

माझा दादा बहिरा. इचलकरंजी, १९९० च्या आसपासची गोष्ट. तो ज्या शाळेत होता तिथे बोलायलाच शिकवायचे. आरशासमोर बसून 'प', 'ब', 'म'. खुणा केल्या की मुलांना हातावर बसवायचे, अक्षरशः स्वतःच्या तळहातांवर. आईला शाळेने सांगितलेलं, घरी खुणा करू नका, आळशी होईल. आई शहाणी, शाळेचं ऐकणारी. तिने नाही केल्या. मीही नाही.

दादा आता ४१ वर्षांचा आहे. यंत्रमागावर काम करतो. तिथला आवाज तुम्हाला माहीतच असेल, सगळे कामगार हातानेच बोलतात. पत्र्यावरच्या पावसाचं वाचून तेच आठवलं. त्याला तिथे जास्त मित्र आहेत आणि घरी तो गप्प जेवतो. त्याच्या मित्रांबरोबर व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बोलत असतो, हसत असतो, आणि आम्ही शेजारच्या खोलीत. तो काय बोलतो ते मला माहीत नाही. सख्ख्या भावाशी मी आजपर्यंत जे बोलले ते 'जेवलास का', 'पैसे हवेत का' आणि 'आई कुठे' यापलीकडे नाही. ती आई आणि तिच्या वीस खुणा वाचून मी मोजलं. आमच्या तेवढ्याही नाहीत.

तेव्हा ताई, आफ्रिकेला पैसे पाठवते मी, पत्ता द्या. पण आधी एक विचारते, चाळिशीला शिकता येतं का?

कानसेन | रविवार, रात्री ११:१०

येतं. तुम्हाला ऐकू येतं, भाषा येते, तेव्हा ही तुमची नुसती आणखी एक भाषा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश व्हिडिओसकट इंटरनेटवर फुकट आहे, १० हजार शब्दांचा. पण कोशावरून भाषा येत नाही. तुमच्या घरात शिक्षक आहे.

टग्या_पाटील | रविवार, रात्री ११:१५

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा पहिला प्रश्न मागे घेतो.

नाकासमोर | सोमवार, सकाळी ९:३०

पैशाचं नीट सांगा आता. कुणाला, कसे, किती? नुसतं 'बहिऱ्यांना द्या' याने काही होत नाही.

वारणेची_सून | सोमवार, दुपारी २:१५

@धाकटी_बहीण, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय.

@नाकासमोर, मी कुणाचाही खाते क्रमांक इथे टाकणार नाही, मंचाचा नियमही आहे आणि माझाही. काय चाललं आणि काय नाही ते सांगते.

वर्ग चालला तो 'चामा'मुळे. चामा म्हणजे आपला बचत गट, बायका जमतात, भिशी फिरते. म्वालिमुंचा वर्ग आम्ही चामाच्या बैठकीला जोडला तेव्हा हजेरी टिकली. त्याआधी स्वतंत्र दिवशी ठेवलेला, तर निंदणीच्या दिवसांत कुणी फिरकेना. दुसरं, शेजारच्या बायकांनाही बसू दिलं. बहिरं मूल ज्यांच्या घरात नाही, त्याही आल्या, नुसत्या गंमत म्हणून. त्याचा फायदा असा झाला की बाजारात त्या मुलीला आईशिवाय आणखी तीन-चार माणसं मिळाली. आदामोरोबेसारखं अख्खं गाव नाही, पण गल्लीचं टोक तरी.

बाकी खर्च: म्वालिमुंचा आणि त्या लुओ बोलणाऱ्या मुलीचा दिवस, लांबून येणाऱ्यांचं बोडा-बोडाचं भाडं (मोटरसायकलवाले), चहा-मंडाझी. मंडाझी म्हणजे तळलेला गोड पाव, तो नसेल तर पोरं बसू देत नाहीत. मी चित्रांची कार्डं लॅमिनेट करून नेली होती, ती म्वालिमुंनी बाजूला ठेवली. खरी शेळी बाहेर उभी असताना चित्र कशाला?

पैसे एम-पेसाने, थेट गटाच्या नावावर, मोबाइलवरून. म्वालिमुंना फोनवर बोलता येत नाही, पण एसएमएस वाचता येतो. पूर्वी गिऱ्हाईक 'नंतर देतो' म्हणून निघून जायचं आणि हे मागे ओरडूही शकत नसत. आता ते मोबाइल पुढे करतात, मेसेज आला की कापड हातात देतात.

आणि फसलेलं: आम्ही बापांसाठी रविवारी वेगळा वर्ग ठेवला. चार आले, पुढच्या वेळी एक, मग तोही नाही. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा.

अक्राकर | सोमवार, दुपारी ३:५०

बापांचं इथेही तसंच. फुटबॉल असेल तिथे वर्ग घ्या, हा माझा अर्धा गमतीचा आणि अर्धा खरा सल्ला. बहिऱ्या मुलांचा संघ बापांसमोर खेळला की बाप प्रश्न विचारायला लागतात.

वारणेची_सून | सोमवार, दुपारी ४:०२

हे म्वालिमुंना आजच कळवते.

जोबर्गची_जाई | सोमवार, संध्याकाळी ७:२५

ताई, त्या मुलीचं पुढे काय झालं? आता मोठी असेल.

वारणेची_सून | सोमवार, रात्री ८:१०

आम्ही निघालो तेव्हा सहावीत होती. वर्गात सगळ्यांत आगाऊ. आईला येणाऱ्या खुणा कमी पडतात म्हणून चिडायची, हात झटकून दाखवायची की 'तुझी बोटं म्हातारी आहेत'. मला निरोप द्यायला आली तेव्हा नाकपुडीशी चिमूट धरली आणि मग विचारलं, तिकडे, तुमच्या गावी, बहिरी मुलं आहेत का? मी म्हटलं, आहेत. मग विचारलं, त्यांच्या आयांना हात येतात का?

मी विषय बदलला.

धाकटी_बहीण | मंगळवार, रात्री ११:३०

झालं एकदाचं. आज दादा जेवून उठल्यावर मी त्याच्यासमोर बसले आणि कोशातून बघून पाठ केलेलं करून दाखवलं: 'मला तुझी भाषा शिकव'. तो बघतच राहिला. मग त्याने माझं मनगट धरलं आणि हात फिरवून दिला. मी उलटा धरला होता.

उद्या साडेनऊला दुसरा तास.